उष्णता कुठे जाते? १९८६च्या पोर्शे ९११ च्या एसीचं प्रकरण

गाडी आली तीच निदानासकट. मालक म्हणाले, "कॉम्प्रेसर गेलाय. मोठ्या ताकदीचा नवा बसवून द्या, बाकी कशाला हात लावू नका." कॉम्प्रेसर म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप. गाडी १९८६ची पोर्शे ९११ कॅरेरा ३.२, कूपे, बहुतेक सगळी मूळ अवस्थेतली. त्यामुळे त्यांच्या बोलण्याचा दुसरा भाग मला मनापासून पटला. पहिला तपासल्याशिवाय मान्य करता येत नव्हता.

तक्रार साधी होती. गाडी पळत असली की एसी बऱ्यापैकी चालतो. रहदारीत अडकली की दोन-तीन मिनिटांत झरोक्यांतून कोमट हवा यायला लागते. शिवाय गॅस टिकत नाही. आदल्या वर्षात तीनदा भरून झाला होता. त्याआधी कधीतरी दुसऱ्या एका वर्कशॉपने मूळचा आर-१२ गॅस काढून त्याच्या जागी नंतरच्या काळातला आर-१३४ए भरला होता. तसा कागद मालकांकडे होता, पण त्यावर गॅस आणि दोन अडॅप्टर याखेरीज कसलाच उल्लेख नव्हता. तेल बदललं का, ओल शोषणारा ड्रायर बदलला का, रबरी होजचं काय केलं, काहीच नाही.

काम सुरू करण्यापूर्वी आमच्यात एकच अट ठरली: मूळ पत्रा कापायचा नाही, डॅशबोर्डला धक्का लावायचा नाही, आणि जे बसवू ते उद्या उतरवून गाडी होती तशी करता आली पाहिजे. पुढचे सगळे निर्णय या अटीच्या कुंपणात घेतलेले आहेत.

आता या गाडीची रचना. ती समजल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. बहुतेक गाड्यांत कंडेन्सर, म्हणजे गॅसमधली उष्णता बाहेर सोडणारी जाळी, रेडिएटरच्या पुढे असतो आणि रेडिएटरचा पंखा त्यातूनही हवा ओढतो. कंडेन्सरला वारा जणू फुकट मिळतो. ९११ चं इंजिन मागे आणि हवेवर थंड होणारं. रेडिएटरच नाही, मग त्याचा पंखाही नाही. म्हणून कंडेन्सरची वाटणी केलेली आहे. एक मागे, इंजिनाच्या झाकणाला खालून टांगलेला, आणि दुसरा पुढे नाकाखाली, स्वतःच्या छोट्या ब्लोअरसह. आतली हवा थंड करणारी कूलिंग कॉइल पुढच्या डिकीच्या तळाशी, पेट्रोलच्या टाकीच्या मागच्या खोलगट कप्प्यात. कॉम्प्रेसर अर्थातच मागे, इंजिनावर. म्हणजे गॅसला गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत यावं लागतं. आम्ही या गाडीतले सगळे होज काढून टेपने मोजले तेव्हा लांबी १५ मीटरच्या वर भरली.

झाकणाखालच्या कंडेन्सरला स्वतंत्र पंखा नाही. इंजिन थंड करणारा मोठा पंखा झाकणाच्या जाळीतून हवा खेचतो, ती आधी कंडेन्सरमधून जाते आणि मग इंजिनावर. रस्त्यावर ही योजना चालते. आर-१२ च्या काळात, उपलब्ध जागेत, ती मला आजही हुशारीची वाटते. पण हा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन आयडलला आलं, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं सुरू, की त्याचाही वेग पडतो, आणि कंडेन्सरला वाऱ्याची सगळ्यात जास्त गरज असते ती नेमकी त्याच वेळी.

गेज लावले त्या दिवशी सावलीत ३६ अंश सेल्सियस होतं. इंजिन तापवून, काचा बंद करून, आयडलवर दहा मिनिटं एसी चालवला. हाय साइड (कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या गॅसचा दाब) २२ बार, लो साइड (कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचा) ३.४ बार, मधल्या झरोक्यातून २२ अंशांची हवा.

निदान इथेच वळलं. कॉम्प्रेसर कमजोर झाला की तो लो साइड पुरेशी ओढू शकत नाही आणि हाय साइड चढवू शकत नाही. एक काटा वर राहतो, दुसरा खाली. इथे दोन्ही काटे वर होते. २२ बारपर्यंत दाब चढवणारा कॉम्प्रेसर काम करत असतो. आर-१३४ए साठी हा दाब म्हणजे साधारण ७३ ते ७४ अंशांना गॅसचं द्रवात रूपांतर होणं. बाहेर ३६ आणि कंडेन्सरमध्ये ७३, इतकी दरी पडायला नको. गाडीच्या आतून उचललेली उष्णता बाहेर पडायला जागा नव्हती, म्हणून ती दाब वाढवत आत साठत होती. आणि इथे मोठा कॉम्प्रेसर बसवला असता, तर जिथून उष्णता बाहेर पडत नाही त्याच दारावर त्याने आणखी उष्णता आणून टाकली असती.

हे सगळं मी मालकांना सांगितलं. ऐकून घेतलं, पण चेहऱ्यावर शंका होतीच, आणि ती रास्त होती. म्हणून वर्कशॉपमधला उभा मोठा पंखा आणला आणि इंजिनाच्या झाकणाच्या जाळीवर रोखून चालू केला. हाय साइडचा काटा उतरायला लागला. मिनिट-दीड मिनिटात १६ बार. झरोक्यातला थर्मामीटर २२ वरून १४ वर. गाडीचा एकही भाग बदललेला नव्हता. पंखा बंद केला, काटा परत चढला. मालकांनी स्वतःच्या हाताने पंखा आणखी दोनदा चालू-बंद करून पाहिला. त्यानंतर कॉम्प्रेसरचा विषय निघाला नाही.

रात्रभर गाडी बंद ठेवली आणि सकाळी इंजिन सुरू न करता गेज वाचले. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, तरी फारसं कोणी करत नाही, याचं मला वाईट वाटतं. यंत्रणा पूर्ण निवली की आतला दाब फक्त तापमानावर ठरतो. सकाळी २७ अंश होते; त्याला आर-१३४ए चा गेजवरचा दाब ६ बारच्या जेमतेम वर हवा. काटा ६.९ वर होता. हा वरचा दाब हवेचा. मागच्या वेळी व्हॅक्यूम नीट मारलेलं नव्हतं आणि हवा आतच राहिली होती. हवेचं द्रवात रूपांतर होत नाही. ती कंडेन्सरमध्ये जागा अडवून बसते आणि दाब चढवते.

मग कारण वेगळं काढण्यासाठी गॅस काढला, व्यवस्थित व्हॅक्यूम केलं, शुद्ध आर-१३४ए भरला आणि कालचीच चाचणी पुन्हा घेतली. हाय साइड २०.५ बार. म्हणजे दीड बार हवेचा होता. उरलेलं दुखणं कंडेन्सरचं आणि वाऱ्याचं.

गॅस कुठून जातो तेही पाहायचं होतं. नायट्रोजन भरून साबणाचं पाणी लावलं तर दोन जुन्या सांध्यांवर बुडबुडे आले, पण वर्षात तीनदा यंत्रणा रिकामी व्हावी इतकी ती गळती नव्हती. होज मूळचे होते, साध्या नायट्राइल रबराचे. आर-१३४ए चा रेणू आर-१२ पेक्षा लहान. जुन्या रबराच्या भिंतीतून तो झिरपतो. १५ मीटर लांबीच्या नळीची आतली भिंत म्हणजे केवढं क्षेत्रफळ, याचा अंदाज घेतला की गॅस जातो कुठे हे विचारावं लागत नाही. नंतरच्या काळात होजमध्ये नायलॉनचं अस्तर आलं ते याचसाठी.

तेलाचं दुखणंही तिथलंच. आर-१२ बरोबर खनिज तेल चालायचं, ते गॅसमध्ये विरघळून सगळीकडे फिरत कॉम्प्रेसरकडे परत यायचं. आर-१३४ए मध्ये खनिज तेल विरघळत नाही. आमच्या गाडीत ते कूलिंग कॉइलच्या तळाशी साचलेलं मिळालं, काळपट आणि घट्ट. कॉम्प्रेसर अशा उपासमारीत टिकला याचं आश्चर्य वाटलं. त्याच्या शाफ्टचं सील मात्र ओलं झालं होतं.

एवढ्यात काम सुरू केलं असतं तरी चाललं असतं. पण चाचणीच्या फेरीत माझ्या पायाला सतत ऊब जाणवत होती. हीटर बंद. दाराच्या उंबऱ्याजवळच्या हीटरच्या तोंडाशी थर्मामीटर धरला: ४४ अंश. ९११ मध्ये हीटर म्हणजे एक्झॉस्टच्या नळ्यांभोवतीची तापलेली हवा. हीटर बंद असताना ती हवा खालच्या खाली बाहेर सोडायला दोन्ही बाजूंना झडपांचे डबे असतात. डावी झडप गंजून थोडी उघडी अडकली होती. एसी चालू, बाहेर ३६ अंश, आणि त्याच वेळी हीटरही चालू. मालकांनी हा त्रास वर्षानुवर्षं एसीच्या खात्यावर टाकला होता. झडपेचा डबा बदलला, दोन्ही केबल जुळवल्या, आणि ४४ चे ३७ झाले. सगळ्या कामातला सर्वांत कमी खर्चाचा भाग हाच, आणि पायांना सगळ्यात आधी कळला तोही हाच.

आता कोणता गॅस? मालकांना मूळपणाची ओढ, म्हणून आर-१२ चा प्रश्न आधी आला. रासायनिक कुळ क्लोरोफ्लुरोकार्बनचं. मोलिना आणि रोलँड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये हे वायू ओझोनचा थर कसा पोखरतात ते मांडलं. या गाडीच्या पिढीची विक्री सुरू झाल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आमची गाडी कारखान्यातून निघाली त्याच्या पुढच्या वर्षी, १९८७ मध्ये, ओझोन वाचवण्यासाठीच्या माँट्रियल करारावर सह्या झाल्या. विकसित देशांत १९९६ पासून आणि विकसनशील देशांत २०१० पासून आर-१२ चं उत्पादन बंद आहे. कुठेतरी जुने डबे मिळतात, पण ज्या यंत्रणेतून गॅस झिरपतो हे मला माहीत आहे तिच्यात मी तो भरणार नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. मालकांनी वाद घातला नाही.

प्रोपेन-आयसोब्युटेनच्या मिश्रणांबद्दलही त्यांनी ऐकलं होतं. थंडाव्याच्या दृष्टीने तो वायू उत्तम आहे, घरच्या फ्रीजमध्ये मोजक्या ग्रॅममध्ये तो वापरलाही जातो. पण या गाडीत कूलिंग कॉइल पेट्रोलच्या टाकीशेजारी, आणि तिच्यावरून जाणारी हवा थेट प्रवाशांच्या तोंडावर येते. इथे माझा नकार ठाम होता. आजच्या नव्या गाड्यांतला आर-१२३४वायएफ हाही थोडा ज्वलनशील; त्याच्यासाठी गाडीची आखणीच तशी लागते.

विजेवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरचा पर्याय मोहक होता, कारण लांब होजची कटकटच मिटली असती. गणित मांडून पाहिलं. साडेतीन किलोवॅट थंडावा हवा आणि एक भाग विजेमागे दोन भाग थंडावा मिळतो असं धरलं, तर पावणेदोन किलोवॅट वीज लागते. साडेतेरा व्होल्टला हे जवळपास १३० अँपिअर. या गाडीचा अल्टरनेटर ९० च्या आसपासचा, आणि आयडलवर तोही पूर्ण देत नाही. विषय संपला.

राहिला आर-१३४ए, पण या वेळी त्याला लागतं ते सगळं घेऊन.

कॉम्प्रेसर मूळचाच ठेवला. उतरवला, धुतला, शाफ्टचं सील बदललं, एस्टर तेल घातलं. आर-१३४ए ला चालणारं दुसरं कृत्रिम तेल, पॅग, न निवडता एस्टर घेण्याचं कारण असं की कितीही धुतलं तरी खनिज तेलाचा अंश कुठेतरी राहतो, आणि एस्टर त्याच्याशी जास्त सबुरीने वागतं. सगळे होज अस्तरवाले नवे करून घेतले, टोकांना मूळचीच फिटिंग ठेवून, आणि प्रत्येक टोक यंत्रावर दाबून. सांध्यांतल्या ओ-रिंग सगळ्या हिरव्या एचएनबीआर रबराच्या. आर-१३४ए ला चालणारा नवा ड्रायर, पुढच्या डाव्या मडगार्डमधल्या मूळ जागी. कॉइलमध्ये शिरण्याआधी द्रवाचा दाब उतरवणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह नवा. कूलिंग कॉइल काढली तेव्हा तिच्या तोंडावर वाळलेल्या पानांचा आणि धुळीचा नमद्यासारखा थर निघाला. हवा त्यातून जात कशी होती कोण जाणे.

कंडेन्सरवर मात्र आम्ही सगळ्यात जास्त डोकं चालवलं. पुढचा जुना, नळी आणि पापुद्र्यांचा. खड्यांनी त्याचे पापुद्रे चेपलेले, मधे चिखल. त्याच्या जागी त्याच मापाचा पॅरलल-फ्लो प्रकारचा बसवला, म्हणजे चपट्या नळ्यांत बारीक वाटा आणि गॅसचे अनेक प्रवाह एकाच वेळी. तेवढ्याच जागेत तो बराच जास्त उष्णता सोडतो. मग तिसरा कंडेन्सर, स्वतःचा विजेचा पंखा असलेला, मागच्या डाव्या चाकाच्या कमानीत. उजवीकडे बसवता येत नाही, तिथे इंजिन ऑइलची टाकी असते. कमानीतल्या आधीपासूनच्या बोल्टांवर पट्ट्या घेऊन तो टांगला, एकही नवं भोक न पाडता. चाकाने उडवलेल्या खड्यांसाठी पुढे जाळी लावली. इंजिन कसंही चालो, हा पंखा एसीबरोबर पूर्ण वेगाने फिरतो. उभ्या पंख्याने त्या दिवशी जे करून दाखवलं होतं, ते आता गाडीतच कायमचं आलं.

गॅस कोणत्या क्रमाने फिरवायचा? नवा कंडेन्सर सगळ्यात शेवटी जोडणं सोपं होतं. आम्ही तो सगळ्यात आधी जोडला. कॉम्प्रेसरमधून निघणारा गॅस सर्वांत तापलेला असतो. त्याची पहिली धग चाकाच्या कमानीत उतरली, तर झाकणाच्या कंडेन्सरकडे तो निवलेला पोचतो, आणि त्याच झाकणातून श्वास घेणाऱ्या इंजिनाला कमी तापलेली हवा मिळते. शेवटी पुढचा कंडेन्सर, जिथे कोरी ताजी हवा मिळते. द्रवाला आणखी थंड करायला तीच जागा योग्य. आयडलवर इंजिनाच्या पंख्यात शिरणाऱ्या हवेचं तापमान आधी ५७ भरलं होतं, नंतर ४९. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला हे आठ अंश फार मोलाचे आहेत, आणि मला स्वतःला या कामात सर्वाधिक समाधान याच आकड्याने दिलं.

विजेची बाजू मी जवळजवळ विसरलो होतो. कॉइलच्या ब्लोअरवर मीटर लावला तर साडेतेराऐवजी १०.८ व्होल्ट. जुन्या फ्यूज पेटीतले सिरॅमिकचे फ्यूज, त्यांच्या काळवंडलेल्या पट्ट्या, मग डॅशमधला स्विच, आणि लांब बारीक वायर: प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा व्होल्टेज गळत होता. बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर, फ्यूज आणि रिले घातला. स्विच आता फक्त रिलेला हुकूम देतो. मोटर तीच, पण झरोक्यांतला वारा ओळखू येईना. नव्या पंख्यालाही वेगळा रिले आणि वेगळा फ्यूज दिला. दाब फार चढला किंवा फार पडला तर कॉम्प्रेसरचा क्लच सोडवून त्याला थांबवणारा स्विच लावला.

जोडणी झाल्यावर आधी नायट्रोजन, मग व्हॅक्यूम. पंप ५०० मायक्रॉनच्या (आत उरलेला दाब मोजायचं बारीक एकक) खाली जाईपर्यंत चालवला, वाल्व बंद करून अर्धा तास थांबलो. ७०० वर स्थिरावला. साध्या गेजवर काटा तळाला टेकला की व्हॅक्यूम झालं असं समजणं धोक्याचं, कारण काटा टेकल्यासारखा दिसतो तेव्हाही आत ओल शिल्लक असू शकते.

आणि मग माझी चूक. गॅस किती भरायचा याला रूढ नियम आहे: लेबलवरच्या आर-१२ च्या वजनाच्या ८० ते ९० टक्के. मी ८५ टक्के भरला. आयडलवर हाय साइड चढत चढत कट-ऑफला जाऊन क्लच सुटला. क्षणभर सगळं काम वाया गेल्यासारखं वाटलं. कारण शांतपणे बसल्यावर सापडलं. तो नियम मूळ यंत्रणेच्या पोटासाठी आहे, आणि ते पोट मीच बदललं होतं. पॅरलल-फ्लो कंडेन्सरच्या बारीक वाटांत जुन्यापेक्षा खूप कमी द्रव मावतो. जास्तीचा द्रव कंडेन्सरमध्येच तुंबून त्याची अर्धी पाठ निकामी करत होता. गॅस थोडा थोडा काढत, प्रत्येक वेळी हाय साइडचा दाब आणि ड्रायरच्या तोंडाशी नळीचं तापमान टिपत गेलो. १४० ग्रॅम काढल्यावर द्रव त्याच्या संपृक्त तापमानापेक्षा, म्हणजे त्या दाबाला गॅस ज्या तापमानाला द्रव होतो त्यापेक्षा, साधारण नऊ अंश थंड यायला लागला आणि दाब बसला. ते अंतिम वजन नव्या लेबलवर लिहून मूळ लेबलशेजारी चिकटवलं, पुढच्या माणसाने जुन्या आकड्यावर जाऊ नये म्हणून.

पुन्हा ३६ अंशांचा दिवस मिळायला आठवडा गेला. आयडलवर पंधरा मिनिटं: हाय साइड १५.५ बार, लो साइड २.५, झरोक्यात ११ अंश. ताशी ६० किलोमीटरवर ७ अंश. याआधी त्याच वेगाला १५ मिळत होते.

चौदा महिन्यांनी गाडी दुसऱ्या कामासाठी आली तेव्हा गॅस काढून वजन केलं. ३५ ग्रॅम कमी.

एक गोष्ट सुटलेली नाही. भर उन्हात दोन-तीन तास उभी राहिलेली गाडी आतून निवायला अजून बारा-तेरा मिनिटं लागतात. कूलिंग कॉइल मूळ मापाची आहे आणि डॅशमधल्या हवेच्या वाटा अरुंद. मोठी कॉइल बसते, पण तिच्यासाठी डिकीतल्या कप्प्याची कड कापावी लागते. मी माप घेऊन मालकांना दाखवलं. त्यांनी कडेवरून हात फिरवला, पत्र्यावरचा मूळ रंग पाहिला, आणि म्हणाले, "नको. बारा मिनिटं मी काचा खाली करून चालवीन."